शिट्टी वाजवायला शिकताना

"शिट्टी? अगं, बाईमाणसानं शिट्टी वाजवू नये. घरात बरकत राहत नाही!" सांगलीहून फोनवर आई म्हणाली. त्या वेळी मी ओहायोतल्या आमच्या स्वयंपाकघरात सुजलेल्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसले होते. वय वर्षं पंचेचाळीस. चाकाचे बूट घालून खेळायच्या एका खेळाची मी पंच होऊ घातलेय, हे आईला कसं समजवावं ते सुचेना. शेवटी म्हटलं, "कबड्डीसारखंच असतं गं काहीतरी." "मग ठीक आहे," म्हणाली, पण पटलेलं दिसलं नाही.

मैत्रिणींनो, खरं तर हे माझं मलाही पटलेलं नव्हतं. ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही २०१८ मध्ये इकडे आलो. त्याआधी सांगलीत घर सांभाळून मी अकरा वर्षं बायकांसाठीच्या एका सल्ला केंद्रात काम केलं. सासू-सुनांची भांडणं, नवऱ्याची दारू, माहेरी धाडलेल्या मुली, असं सगळं. समोरच्याचं ऐकून घ्यायचं, दोन्हीकडच्यांना चार गोष्टी समजावायच्या आणि जमेल तितकं जोडून द्यायचं, हे माझ्या अंगवळणी पडलं होतं. इथं मला नोकरीची परवानगी नव्हती, म्हणून गावातल्या गरजूंना धान्य वाटणाऱ्या केंद्रात बिनपगारी जायला लागले. तिथं माझ्यासोबत पिशव्या भरणारी एक शाळेची बस चालवणारी बाई होती. २०२२ मध्ये ती आणि तिच्या मैत्रिणी मिळून रोलर डर्बीचा नवा संघ उभा करत होत्या. ती म्हणाली, "खेळणाऱ्या पुष्कळ मिळाल्या. पंच मिळत नाहीत. तुला भांडणं सोडवता येतात ना?"

मला वाटलं, तेवढंच तर येतं!

हा खेळ आधी थोडक्यात सांगते. लंबगोल सपाट रिंगण, पायात चार चाकांचे स्केट्स. दोन्ही संघांच्या पाच-पाच जणी रिंगणात असतात. प्रत्येक संघाची एक 'जॅमर', तिच्या हेल्मेटवर चांदणी असते. बाकीच्या चौघी 'ब्लॉकर'. जॅमरनं समोरच्या संघाच्या भिंतीतून वाट काढून पुढे निघायचं, फेरी मारून परत यायचं आणि मग मागे टाकलेल्या प्रत्येक विरोधी ब्लॉकरमागे एक गुण मिळवायचा. ब्लॉकरनी एकाच वेळी तिला अडवायचं आणि आपल्या जॅमरला वाट करून द्यायची. असा एक डाव जास्तीत जास्त दोन मिनिटांचा. मध्ये तीस सेकंदांची विश्रांती, की पुन्हा सुरू. तीस-तीस मिनिटांची दोन सत्रं. आपल्याकडची चढाई करणारी आठवा, फक्त इथं दोन्हीकडून एकदम चढाई आणि तीही चाकांवर.

धक्का द्यायला परवानगी आहे, पण कुठेही नाही. खांदा, दंड, कंबर यांनी समोरून किंवा बाजूनं धक्का चालतो. पाठीत नाही, डोक्याला नाही, पायात पाय घालून नाही. चुकलं की तीस सेकंद बाहेर खुर्चीवर बसायचं. एका सामन्यात सात चुका झाल्या की सामन्यातूनच बाहेर.

खेळ तसा जुना. १९३५ मध्ये शिकागोत लिओ सेल्ट्झर नावाच्या माणसानं तो सुरू केला. तेव्हा स्त्री-पुरुषांच्या जोड्या दिवसचे दिवस रिंगणात फेऱ्या मारायच्या. पुढे टीव्हीमुळे तो गाजला, मग नाटकी होत गेला आणि विझला. या शतकाच्या सुरुवातीला टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातल्या बायकांनी तो पुन्हा जिवंत केला, आणि या वेळी कारभार स्वतःच्या हातात ठेवला. २००४ मध्ये त्यांची संघटना स्थापन झाली. नियम त्याच ठरवतात, हिशेब त्याच ठेवतात, खुर्च्याही त्याच मांडतात. २०११ मध्ये टोरांटोला पहिला विश्वचषक झाला, त्यात तेरा देशांचे संघ होते. आमच्या संघातही कुणी नर्स, कुणी शिक्षिका, कुणी किराणा दुकानात काम करणारी. दिवसभर राबून रात्री आठला सरावाला येतात आणि वर्गणी स्वतःच्या पाकिटातून भरतात.

पहिले तीन महिने मला स्केट्स दिलेच नाहीत. हातात स्टॉपवॉच दिलं आणि शिक्षेच्या खुर्च्यांजवळ उभं केलं. खेळाडू येऊन बसली की घड्याळ सुरू, दहा सेकंद उरली की तिला उभं राहायला सांगायचं, तीस झाली की सोडायचं. एका सामन्याला असे कितीतरी जण लागतात. कुणी गुण लिहितं, कुणी चुका, कुणी डावाची वेळ बघतं. आपल्याकडे लग्नात कशी एक मावशी अहेर लिहायला, एक काकू ताटं मोजायला बसते, तसंच.

मग स्केट्स आले. आधी पडायला शिकवलं. हसू नका! कसं पडायचं हे शिकल्याशिवाय पुढे जाऊच देत नाहीत. गुडघ्यांवर पडायचं, बोटं मुठीत घ्यायची, नाहीतर कुणाचं तरी चाक त्यावरून जाईल. हेल्मेट, कोपर, मनगट, गुडघे, सगळं बांधून मी आरशात पाहिलं तर थेट कासव! हे म्हणाले, "अगं, हात मोडून घेऊ नकोस. इथं हाडापेक्षा दवाखान्याचं बिल जास्त दुखतं." लेकानं तर व्हिडिओ काढून नागपूरच्या मावशीला पाठवला.

पंचांचे काळे-पांढरे पट्टे असतात, म्हणून सगळे आम्हाला झेब्रे म्हणतात. स्केट्सवरचे पंच जास्तीत जास्त सात. काही रिंगणाच्या आत, काही बाहेरून पळणारे. दोघे तर फक्त आपापल्या जॅमरवर डोळा ठेवून असतात आणि बोटांनी गुण दाखवतात. मी बाहेरच्यांतली. बाहेरच्याला जास्त पळावं लागतं. रिंगणाच्या रेषेखाली दोरी चिकटवलेली असते, ती चाकाला लागली की खाली न बघताही कळतं, आपण रेषेवर आलोय.

या खेळात प्रत्येकीचं एक खेळातलं नाव असतं, बहुधा काहीतरी धमाल कोटी केलेलं. पंचांचंही असतं. मी 'आत्या' घेतलं. आपल्याकडे नाव ठेवायचा मान आत्याचाच, मग माझं बारसं मीच केलं. त्या सगळ्या मला 'आट्या' म्हणतात!

पळणं जमलं. खुणा पाठ झाल्या. अडलं ते शिट्टीपाशी.

चूक दिसली की एक लांब शिट्टी, मग रंग, मग नंबरातला एकेक आकडा, मग चूक. 'रेड, फोर-सेव्हन, बॅक ब्लॉक.' खणखणीत आवाजात, हातानं खूण करत. बस्स, एवढंच. कारण द्यायचं नाही, समजूत घालायची नाही, 'सॉरी हं' तर मुळीच नाही. आणि मला नेमकं तेच येत होतं! शिट्टी ओठांपर्यंत यायची आणि मनात विचार यायचा, नवीन आहे बिचारी, मुद्दाम नाही केलं, पुढच्या वेळी बघू.

२०२३ च्या वसंतातली गोष्ट. सरावाचा सामना होता. आमची कॅप्टन, जी मला दर आठवड्याला आपल्या गाडीतून न्यायची-आणायची, ती त्या दिवशी थकलेली होती आणि पुनःपुन्हा समोरच्या मुलीच्या पाठीत धक्का देत होती. मी पाहिलं. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. शिट्टी बोटातच राहिली. परत तिच्याच गाडीतून जायचं होतं ना! तिसऱ्यांदा धक्का बसला तेव्हा ती मुलगी अशी आपटली की तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. एकोणीस वर्षांची पोर, नर्सिंग शिकणारी. रुग्णवाहिका येईपर्यंत मी तिचं डोकं धरून बसले होते आणि ती मलाच सांगत होती, "आट्या, रडू नकोस."

सामना थांबल्यावर आमचे मुख्य पंच, पोस्टात काम करणारे एक गृहस्थ, शेजारी येऊन बसले. म्हणाले, "तू कॅप्टनचं मन सांभाळलंस. पण कॅप्टनलाही कळायला हवं होतं की ती चुकतेय. ते सांगायचं काम तुझं होतं."

त्या रात्री झोप लागली नाही. आठवत राहिली ती सांगलीतली आमच्या शेजारची सून. पहाटे पाण्याला यायची. एकदा तिच्या दंडावर वळ दिसले. पुन्हा एकदा गालावर. मी दिवसभर दुसऱ्यांच्या घरचे तंटे ऐकणारी बाई, पण शेजारच्या वहिनींशी रोजचं जाणं-येणं, हळदीकुंकू, वाटीभर साखर. म्हटलं, आपण कशाला मध्ये पडा? तिनं सांगितलं तर बघू. तिनं सांगितलं नाही. एके दिवशी लेकराला कडेवर घेऊन ती एकटीच माहेरी निघून गेली. जाताना माझ्याकडे बघून "येते हं काकू" म्हणाली. मला सगळं माहीत आहे, हे तिला माहीत होतं. ती नजर मी अजून विसरलेले नाही.

समजून घेणं वेगळं आणि बघूनही न बघितल्यासारखं करणं वेगळं. मी वर्षानुवर्षं दुसऱ्याला पहिल्याचं नाव देत आले होते.

नियमांच्या पुस्तकात एक साधी गोष्ट आहे. खात्री नसेल तर शिक्षा द्यायची नाही. म्हणजे अंदाजानं कुणाला गुन्हेगार ठरवायचं नाही. मुख्य पंचांनी मला त्याची दुसरी बाजू शिकवली: खात्री असेल तर समोर कोण आहे ते बघायचं नाही. मग मी घरी सराव सुरू केला. तळघरात उभी राहून ओरडायचे, "ब्लू, वन-नाइन, हाय ब्लॉक!" कुकरच्या शिट्टीवर माझी शिट्टी. वरून हे विचारायचे, "अगं, मी काय केलं?"

त्या मुलीला भेटायला गेले तेव्हा तिच्यापाशी सगळं कबूल केलं. आधी ती गप्प राहिली. मग म्हणाली, "मी परत खेळणार आहे. तेव्हा बघ म्हणजे झालं." कॅप्टनशीही बोलले. तिला वाईट वाटलं, थोडा रागही आला. दोन आठवडे मी बसनं गेले.

त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर शेजारच्या गावच्या संघाशी आमचा सामना झाला. शेवटची चार मिनिटं, आम्ही सहा गुणांनी मागे. कॅप्टननं चांदणी घातली होती. भिंत फोडून ती पुढे निघाली आणि निघता निघता समोरचीच्या पाठीत तिचा खांदा बसला. समोरची आडवी झाली. मी पाहिलं. या वेळी विचार यायच्या आत शिट्टी वाजली होती. "रेड, फोर-सेव्हन, बॅक ब्लॉक!" माझाच आवाज मला अनोळखी वाटला. प्रेक्षक ओरडले. कॅप्टननं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वळून गुमान खुर्चीकडे गेली. आम्ही हरलो.

सामना संपल्यावर दोन्ही संघ आणि पंच एकमेकांच्या हातांवर टाळ्या देत फेरी मारतात. कॅप्टन समोर आली. म्हणाली, "आट्या, आज तुझा आवाज पार टेबलापर्यंत पोचला." आणि जरा थांबून, "गाडीत जागा आहे." खांदा बरा होऊन ती नर्सिंगवाली पोर त्या दिवशी आमच्या बाजूनं खेळली. ती काही बोलली नाही, नुसती हसली.

मला या खेळातलं सगळ्यात काय आवडतं सांगू? शिक्षा तीस सेकंदांची असते. ती संपली की खेळाडू पुन्हा रिंगणात. कुणाची बेअब्रू नाही, आयुष्यभराचा शिक्का नाही. चूक वेळीच सांगितली तर ती लहानच राहते. आपण मात्र 'नको बाई, वाईट दिसेल' म्हणत गप्प राहतो आणि मग एक दिवस हाड मोडतं.

तुम्हाला स्केट्स घाला असं मी म्हणत नाही. पण आपल्याकडेही कबड्डी, खो-खोच्या पंच परीक्षा होतात. गावातल्या मुलींच्या सामन्यांना शिट्टी धरणारी एखादी ताई, मावशी असली तर किती बरं! आणि मैदान नसलं तरी शिट्टीचे प्रसंग घरोघरी येतातच.

परवा आईला ही सगळी हकिकत सांगितली. शेजारच्या सुनेचीसुद्धा. ती बराच वेळ काही बोलली नाही. त्या वळांबद्दल तिलाही माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं. मग म्हणाली, "वाजव बघू एकदा. ऐकू दे."

मी फोन दूर धरला आणि एक लांब शिट्टी वाजवली.