तापीचे मैदान आणि शेताची ‘मरियादा’

दीघनिकायातील सत्ताविसावे सुत्त ‘अग्गञ्ञ’ या नावाने ओळखले जाते. वासेट्ठ आणि भारद्वाज या ब्राह्मण कुळांतून आलेल्या दोन तरुणांना उद्देशून भगवान बुद्धांनी ते सांगितले. चार वर्णांची उत्पत्ती दैवी आहे हा समज खोडून काढणारे सुत्त म्हणून आपल्याकडे त्याची वारंवार चर्चा होते, आणि ते योग्यच आहे. परंतु या सुत्ताचा मधला भाग शेतीचा व जमिनीचा आहे. त्याकडे वाचकांचे लक्ष त्या मानाने कमी जाते.

हा भाग थोडक्यात असा. आरंभी साळीचे पीक नांगरणीवाचून येत असे. सायंकाळी कापून नेले तरी सकाळी पुन्हा उभे राही. पुढे कोणी आळसाने दोन दिवसांचे धान्य एकदम आणले, दुसऱ्याने चार दिवसांचे, तिसऱ्याने आठ दिवसांचे. साठवण सुरू झाली, तसा दाण्यावर कोंडा आला आणि कापलेले पीक पुन्हा उगवेनासे झाले. मग लोकांनी साळीची वाटणी करून शेताशेतांमध्ये सीमा घातल्या. या सीमेला सुत्तात ‘मरियादा’ असा शब्द आहे. सीमा पडल्यावर एकाने स्वतःचा वाटा राखून दुसऱ्याचा वाटा उचलला, आणि चोरी, निंदा, खोटे बोलणे व मारहाण या चार गोष्टी जगात आल्या. तेव्हा लोकांनी आपल्यापैकीच एकाला निवडून न्याय करण्याचे काम त्याच्यावर सोपविले व त्याबद्दल धान्याचा वाटा देण्याचे ठरविले. तो बहुजनांनी मान्य केलेला म्हणून ‘महासम्मत’ आणि शेतांचा, म्हणजे ‘खेत्तां’चा, अधिपती म्हणून ‘खत्तिय’.

शेत, साठवण, सीमा, तंटा आणि राज्य असा हा क्रम आहे. गंगेच्या विस्तीर्ण सखल प्रदेशात, भातशेतीच्या परिसरात वावरणाऱ्या लोकांना तो सहज पटण्यासारखा होता. मगधातील शेतांचा ठसा तर भिक्षूंच्या अंगावरील वस्त्रावरही आहे. विनयपिटकाच्या महावग्गात अशी हकिकत येते की, राजगृहाहून दक्षिणागिरीकडे जाताना भगवंतांनी बांधांनी चौकटी पडलेली मगधातील शेते पाहिली आणि त्याच धर्तीवर चीवराची आखणी करता येईल काय, असे आनंदांना विचारले. आजही चीवर तुकडे जोडून शिवले जाते, ते या शेतांच्या नमुन्यावर.

प्रस्तुत लेखात अग्गञ्ञ सुत्तातील हाच क्रम आम्ही आपल्या खानदेशास, म्हणजे जळगाव, धुळे आणि १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेल्या नंदुरबार या जिल्ह्यांतील तापीच्या मैदानास, लावून पाहणार आहोत.

मैदानाची घडण

दख्खनचा बहुतेक भाग पठाराचा आहे. त्यात तापीचे खोरे वेगळे उठून दिसते. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा व अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेस सह्याद्रीची टोके, आणि मधे पूर्वपश्चिम सुमारे अडीचशे किलोमीटर पसरलेला सखल पट्टा, अशी त्याची ठेवण आहे. दख्खनच्या मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहतात. मध्य प्रदेशातील मुलताईजवळ उगम पावणारी तापी मात्र ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून पश्चिमेस खंबातच्या आखातास मिळते. भूशास्त्रज्ञांच्या मते हे खोरे भूकवच खचून तयार झालेल्या दरीत आहे. या दरीत नद्यांनी आणलेला गाळ साठत गेला आणि अग्निजन्य खडकाच्या झिजेतून झालेली काळी कसदार माती त्यात मिसळली.

येथे एक विसंगती ध्यानात घ्यावी लागते. मैदान तापीचे म्हणावयाचे, पण तापीचे पाणी या मैदानाला फारसे मिळाले नाही. तिचे पात्र खोल व काठ उंच असल्याने जुन्या साधनांनी ते पाणी शेतात चढविणे अशक्य होते. पाऊसही बेताचा, बहुतेक भागात वर्षाला सहाशे ते सातशे मिलिमीटर. त्यामुळे शेतीचे दोन प्रकार झाले. दक्षिणेकडून येणाऱ्या पांझरा, गिरणा यांसारख्या उपनद्यांवर बंधारे घालून पाटाने पाणी घेतले गेले. उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी विहिरीची शेती वाढली. तेथे डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा जाड थर असून त्याला बझाडा पट्टा म्हणतात. या थरातून पावसाचे पाणी सहज खाली उतरते. यावल व रावेरची केळी या पाण्यावर उभी आहे.

वस्ती येथे फार जुनी आहे. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे अवशेष मिळाले. तापी व गोमाईच्या संगमावरील प्रकाशे येथे १९५५ मध्ये, आणि गिरणेकाठच्या बहाळ येथेही त्याच दशकात, उत्खनने झाली. दोन्ही ठिकाणी ताम्रपाषाणयुगापासून ऐतिहासिक काळापर्यंतचे थर एकावर एक मिळाले. तापीकाठच्या सावळदा या गावावरून तर येथील आद्य शेतकऱ्यांच्या एका संस्कृतीस नाव पडले आहे.

वाटेवरचा प्रदेश

असे सुपीक मैदान असूनही पालि साहित्यातील सोळा महाजनपदांत खानदेशाचे नाव नाही. दक्षिणेतील एकच महाजनपद त्या यादीत येते, ते गोदावरीकाठचे अस्सक.

सुत्तनिपाताच्या पारायनवग्गात गोदावरीतीरी राहणाऱ्या बावरीचे सोळा शिष्य भगवंतांच्या भेटीस निघतात. त्यांच्या मार्गावरील गावे तेथे क्रमाने दिली आहेत. पहिले पतिट्ठान, म्हणजे पैठण. लगेच पुढचे नाव माहिस्सती, आणि नंतर उज्जेनी. माहिस्सती नर्मदाकाठी होती. पैठणहून नर्मदेस जावयाचे तर अजिंठा किंवा सातमाळ्याचा घाट उतरावा लागतो, तापी ओलांडावी लागते आणि सातपुडा चढावा लागतो. म्हणजे हे सोळाजण खानदेशातून गेले असले पाहिजेत. पण गाथेत त्याचा उच्चार नाही. हा प्रदेश तेव्हा ओलांडावयाचा होता. मुक्कामाचे प्रसिद्ध नगर त्यात नसावे, असे आम्हास वाटते.

मैदानाच्या स्थानातच याचे कारण आहे. उत्तरेकडून दक्षिणेत येणारी वाट येथून जाते आणि भडोच, सुरतेकडे समुद्राला जाणारी वाटही येथूनच फुटते. अशा ठिकाणी धान्य पिकते आणि व्यापारही चालतो. पण संरक्षण कठीण असते, कारण चारही बाजूंच्या घाटांतून कोणीही उतरू शकतो.

बौद्ध लेणी कोठे कोरली गेली हे पाहिले म्हणजे ही रचना स्पष्ट होते. मैदानात कोरण्याजोगा कडा नाही. लेणी त्याच्या दक्षिण काठावर आहेत. चाळीसगावच्या वरच्या डोंगरातील पितळखोरे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाइतके जुने आहे. तेथील दात्यांत पैठणच्या गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या, कुळातील मितदेव आहे आणि राजवैद्य मगिल आहे. तेथील यक्षाची मूर्ती घडविणारा कण्हदास स्वतःस सोनार म्हणवितो. अजिंठ्याची लेणी ज्या वाघूर नदीच्या वळणावर आहेत ती नदी खाली उतरून तापीलाच मिळते. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वाकाटक हरिषेणाचा अमात्य वराहदेव याने तेथील सोळावे लेणे दान केले. त्याच हरिषेणाचा ताम्रपट तापीकाठच्या थाळनेरला सापडला आहे. काठावर विहार आणि खाली मैदानात राजाने दान दिलेली जमीन, या दोन गोष्टी एकाच राजवटीत दिसतात. भिक्षू शेती करीत नाही. त्याच्या पात्रातील अन्न कोणाच्या तरी शेतातील असते, आणि एवढा मोठा संघ डोंगरात राहू शकला तो जवळच्या वाटांवर व शेतांत शिल्लक निर्माण होत होती म्हणून.

पुढे हीच शिल्लक दुसऱ्या विद्येकडे वळलेली दिसते. पाटणे येथील शके ११२८ च्या शिलालेखानुसार भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला, आणि यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ राजांनी त्यास दान दिले. लेखाच्या मराठी भागात मठाला द्यावयाच्या वाट्यांची नोंद आहे.

राज्य

मैदानातच राजधानी असलेले नावाजलेले राज्य म्हणजे फारुकी घराण्याचे. मलिक राजाने १३८२ मध्ये थाळनेर येथे स्वतंत्र सत्ता स्थापिली. त्याच्या पुत्राने असीरगड घेतला, बुऱ्हाणपूर वसविले, आणि सत्तेचे केंद्र पूर्वेच्या खिंडीकडे सरकले. गुजरात, माळवा, बहमनी अशा बलाढ्य शेजाऱ्यांच्या मधे हे लहान राज्य सव्वादोनशे वर्षे टिकले. १६०१ मध्ये असीरगड पडला आणि प्रदेश अकबराकडे गेला. गंगेच्या मैदानात मगधासारखे साम्राज्य उभे राहिले, कारण तेथे विस्तार होता आणि पाणीही होते. तापीचे मैदान त्या मानाने अरुंद. ज्याच्या हाती घाट त्याच्या हाती मैदान, हा येथील नियम झाला.

सीमा आणि सीमेबाहेरचे लोक

इंग्रजी अंमल १८१८ मध्ये आला तेव्हा युद्धे, दुष्काळ व लुटालूट यांनी अनेक गावे ओस पडली होती. कॅप्टन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणे केले. १८२५ मध्ये धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारण्यात आली. मैदानाची शांतता डोंगरातल्या माणसांवर अवलंबून आहे हे नव्या राज्यकर्त्यांनी ओळखले होते. सेंधव्याचा घाट राखणाऱ्या खाजा नाईकाने १८५७ मध्ये बंड पुकारले, तेव्हा ते पुन्हा सिद्ध झाले.

मग जमिनीची मोजणी आली. १८५२ मध्ये सावदा, रावेर, फैजपूर भागातील शेतकऱ्यांनी या मोजणीस उघड विरोध केला. सुत्तातील ‘मरियादा’ येथे दगड आणि कागद यांच्या रूपाने अवतरली होती. त्यानंतर लोहमार्ग आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव चढले, आणि जमिनीला पूर्वी नव्हते असे मोल आले. सुत्तात साठवणीनंतर दाण्याला कोंडा येतो. येथे कर्ज आणि गहाणखत आले.

या सीमेने बाहेर ठेवलेले दोन समाज विशेष आठवतात. शहादा, तळोदा भागातील भिल्लांच्या जमिनी कर्जापायी व कागदोपत्री व्यवहारांतून गेल्या, आणि ते आपल्याच शेतावर सालदार झाले. १९७० नंतर अंबरसिंग महाराज यांच्या नेतृत्वाखाली व श्रमिक संघटनेच्या रूपाने त्यांनी जमीन परत मागितली. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा राज्याचा कायदा १९७४ चा आहे.

दुसरा समाज महारांचा. गावाची शीव कोठून कोठवर जाते हे दाखविणे हे महाराचे वतनी काम होते. शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष मानली जाई. सीमा ज्याला तोंडपाठ, त्याच्या वाट्याला सीमेच्या आत वतनाचा लहानसा तुकडा आणि त्याबदल्यात अखंड राबणूक. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात वतनविषयक विधेयक मांडले ते यासाठीच. ही कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. त्यापाठोपाठ, १९५९ मध्ये, दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. त्यात खानदेशातील भूमिहीनही होते. महासम्मताला धान्याचा वाटा दिला जात होता तो न्यायासाठी. न्याय मिळत नसेल तर वाटा देणाऱ्याने जाब विचारावा, हे त्या सुत्तातूनच निष्पन्न होते.

पाण्याची वाटणी

तरीही सीमेचा शेवट तंट्यातच होतो असे नाही, हे याच मैदानाने दाखविले आहे. पांझरा खोऱ्यातील फड पद्धती तीनचारशे वर्षे जुनी मानतात. बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या क्षेत्राला थळ म्हणत आणि त्याचे तीन किंवा चार फड पाडीत. एका फडात त्या वर्षी सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. पुढील वर्षी पीक फिरवावयाचे. शेतकऱ्याची जमीन सहसा प्रत्येक फडात असे, म्हणून पाणी कमी पडून एखादा फड कोरडा ठेवावा लागला तरी तोटा एकट्याचा होत नसे. पाणी देण्यास पाटकरी, राखणीस जागल्या. पाटाची दुरुस्ती सर्वांनी मिळून करावयाची. वरच्या अंगास धरणे आणि शेतोशेती विहिरी झाल्यावर ही पद्धती बहुतेक ठिकाणी मोडली.

आता तंटा जमिनीखाली गेला आहे. यावल, रावेर, चोपडा भागात विहिरींच्या जागी खोल कूपनलिका आल्या आणि पाण्याची पातळी सतत खाली गेली. मे २०२५ मध्ये मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांनी तापीचे पाणी या थरांत मुरविण्याच्या योजनेसाठी करार केला. योजना यथावकाश होईल. परंतु मुरविलेले पाणी कोणाचे, हा प्रश्न उरतोच. जमिनीखालच्या पाण्याला बांध घालता येत नाही. ज्याची कूपनलिका खोल, त्याच्याकडे ते जाते. ज्याला कूपनलिका खणणे परवडत नाही त्याची विहीर आधी कोरडी पडते, आणि ज्याला जमीनच नाही त्याची या हिशेबात गणनाही होत नाही.

रोहिणी नदीच्या पाण्यासाठी शाक्य आणि कोलिय शस्त्रे घेऊन समोरासमोर आल्याची कथा अट्ठकथांत आहे. पाण्याचे मोल अधिक की माणसांच्या रक्ताचे, असे भगवंतांनी तेथे विचारले. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात रोहिणीचाच तंटा सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून मांडला आहे. तापीच्या मैदानातील उपासकांनी ही कथा केवळ वर्षावासातील प्रवचनाचा विषय मानू नये असे आम्हास वाटते. फड पद्धतीत तोटा वाटून घेण्याचा जो नियम होता, तोच नियम कूपनलिकांच्या पाण्यास कसा लावता येईल, हा प्रश्न ग्रामसभेत मांडता येतो. तो मांडताना भूमिहीनाच्या पिण्याच्या पाण्यापासून आरंभ करावा. कारण महासम्मताची निवड वाटा राखून असलेल्यांच्या सोयीसाठी झाली नव्हती, ज्यांचा वाटा उचलला गेला त्यांना न्याय मिळावा म्हणून झाली होती.