रोशा, चंदन आणि आपली कातडी

सातपुड्याच्या उतारांवर दिवाळीच्या सुमारास एक गवत फुलावर येते. कमरेच्या वर वाढलेले, पिकत आले की तुरा तांबूस होणारे. तुरा तळहातावर चोळला तर आधी लिंबाच्या सालीची आठवण होते, मग ओल्या गवताची, आणि घटकाभराने गुलाबाची. हे रोशा गवत. जुने वैद्य याला रोहिष म्हणत, वनस्पतिशास्त्रात ते सिम्बोपोगॉन मार्टिनी. मेळघाट, बैतूल, निमाड, खानदेश हा त्याचा मूळ मुलूख.

या गवताच्या तेलाने एके काळी जगभरच्या नाकांना फसवले आहे. एकोणिसाव्या शतकात खानदेश-निमाडातले रोशाचे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेने तुर्कस्तानात जाई. तिथे ते गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. 1874 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्लुकिगर आणि हॅनबरी यांच्या औषधी वनस्पतींच्या इतिहासात या व्यापाराची नोंद आहे. मिसळण्याआधी तेल डिंकाच्या पाण्यात घुसळून, लिंबाचा रस घालून उन्हात ठेवत. त्याने त्याचा उग्रपणा उतरे आणि रंगही फिका होई. युरोपच्या बाजारात याच तेलाला ‘तुर्की जिरेनियम’ असे नाव पडले. गवत सातपुड्यातले, नाव तुर्कांचे!

ही भेसळ खपून जाई याला रासायनिक कारण आहे. चांगल्या रोशाच्या तेलात जिरॅनिऑल नावाचा घटक साधारण 75 ते 90 टक्के असतो, आणि गुलाबाच्या तेलातही तोच एक मुख्य घटक आहे. मात्र गुलाबात त्याच्या जोडीला सिट्रोनेलॉल, फिनाइल इथाइल अल्कोहोल आणि अगदी लेशमात्र असूनही जबर वासाचे डॅमॅसेनोन असते. कुपी हुंगून हा फरक पटकन कळत नाही. कातडीवर लावून दोन तास थांबले की कळतो. रोशा झपाट्याने उतरतो. गुलाब मधाळ, किंचित मसालेदार होत रेंगाळतो. सुगंधी तेलाची खरी परीक्षा मनगटावर आणि घड्याळ लावूनच होते, असे मी या लेखात म्हणणार आहे, त्याची सुरुवात इथून आहे.

हे सेवाग्रामात बसून लिहावेसे वाटले त्यालाही कारण आहे. अत्तर म्हटले की कनौज, लखनौ, हैदराबाद आठवते. वर्धा कुणाला आठवत नाही. पण तेलाचा विचार करायचा तर या जिल्ह्याइतका बारकाईने तो फार कमी ठिकाणी झाला असेल. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या वर्ध्यातल्या बागेत, म्हणजे मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पांनी त्याचे काम उभे केले. तिथल्या मोठ्या प्रयोगांपैकी एक होता बैलघाणीचा. झवेरभाई पटेलांनी घाणी सुधारली, आणि ‘मगन घाणी’ या नावाने ती देशभर गेली. गांधीजी 1936 च्या एप्रिल अखेरीस शेगावला राहायला आले. त्याच गावाचे पुढे सेवाग्राम झाले. मगनवाडीहून इथपर्यंतचा रस्ता आठेक किलोमीटरचा. आश्रमात आजही परचुरे कुटी दाखवतात. कुष्ठरोगी असलेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री तिथे राहत आणि गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करीत. रोग्याच्या कातडीला हात लावायला घरचे लोक भीत, त्या काळातली ही गोष्ट आहे.

मगनवाडीत 1955 साली खादी-ग्रामोद्योगाची जमनालाल बजाज केंद्रीय संशोधन संस्था आली. तिचेच रूपांतर 2008 मध्ये महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत झाले. वनौषधींवर आधारित उद्योगांसाठी तिथे स्वतंत्र विभाग आहे. म्हणजे घाणीचे तेल, गवताचे तेल आणि माणसाची कातडी या तिन्ही गोष्टी या आठ किलोमीटरच्या पट्ट्यात एकत्र सापडतात.

आता कातडीकडे येऊ. सुगंधी तेल हा एक पदार्थ नसतो; त्यात पन्नास ते कित्येक शे घटक असू शकतात आणि प्रत्येकाच्या उडून जाण्याचा वेग वेगळा. लिंबूवर्गी घटक मिनिटांत जातात. जिरॅनिऑलसारखे काही तास टिकतात. चंदनातले सँटॅलॉल, वाळ्यातले आणि नागरमोथ्यातले जड घटक दुसऱ्या दिवशी सकाळीही कपड्यावर भेटतात. विल्यम पाउचर या इंग्रज सुगंधतज्ज्ञाने 1955 साली तीनशेहून अधिक द्रव्ये वासाच्या टिकाऊपणानुसार 1 ते 100 अशा श्रेणीत बसवली. चंदन आणि पॅचुली त्याने थेट शेवटच्या टोकाला ठेवली. हे काम त्याने कागदाच्या पट्ट्यांवर केले. कागदाला घाम येत नाही, त्याच्यावर सीबम, म्हणजे कातडीतून झरणारी चरबी, नसते, जंतूही राहत नाहीत. कातडीवर हे सगळे असते. शिवाय तिचे तापमान साधारण 32 ते 34 अंश, आणि तिचा पृष्ठभाग किंचित आम्ल.

त्यामुळे तेच तेल दोन माणसांवर दोन तऱ्हेने वागते. कोरड्या कातडीत सुगंधाला धरून ठेवायला चरबी कमी, म्हणून वास लवकर उडतो. तेलकट कातडीत तो विरघळून राहतो आणि हळूहळू सुटतो. काही भाग कातडीत शिरतो, तो परत हवेत येतच नाही. प्रत्येकाच्या अंगाचा स्वतःचा वास असतो, तोही त्यात मिसळतो. 2012 साली झेक संशोधकांनी याची परीक्षा घेतली. काही जणांनी एका काखेत आपले नेहमीचे, स्वतः निवडलेले अत्तर लावले आणि दुसरीत संशोधकांनी दिलेले. इतरांनी हुंगून गुण दिले. नुसत्या अत्तरांमध्ये पसंतीचा फारसा फरक नव्हता, पण अंगाच्या वासाशी मिसळल्यावर ज्याचे त्याने निवडलेले अत्तर सरस ठरले. माणूस अत्तर निवडतो तेव्हा नकळत स्वतःच्या कातडीला जुळणारे निवडतो, असा त्याचा अर्थ लावता येतो. मग भेट म्हणून मिळालेले महागडे अत्तर वर्षभर कपाटात का पडून राहते, तेही समजते.

यंदा मी रोशाचे तेल घरीच तपासले. सरळ तेल कातडीला लावायचे नसते, म्हणून घाणीच्या तिळाच्या तेलात शंभराला दोन भाग इतके मिसळले. एक थेंब कागदाच्या पट्टीवर, एक माझ्या मनगटावर, एक शेजारच्या आजींच्या हातावर आणि एक शेतातून नुकत्याच परतलेल्या त्यांच्या सुनेच्या हातावर. सुरुवातीला चारही ठिकाणी एकच वास होता: हिरवा, लिंबासारखा, नाकात शिरणारा. अर्ध्या तासाने वाटा फुटल्या. आजींची कातडी कोरडी, सुरकुतलेली. तिथे लिंबाचा भाग पार गेला आणि पातळ, कागदी गुलाब उरला. सुनेच्या हातावर घामाचा खारटपणा आणि रोशा मिळून काहीतरी उबदार, जवळजवळ आल्यासारखे झाले, आणि माझ्या मते सगळ्यांत सुंदर तेच होते. “हा तर लग्नातल्या अत्तरासारखा येते,” आजी म्हणाल्या. कागदावर मात्र तासाभरानेही वास जवळजवळ तोच होता. नुसत्या कागदावर विसंबून कुणी या तेलाबद्दल मत दिले असते, तर ते या तिघींपैकी कुणाच्याच उपयोगाचे नव्हते.

आणखी एक गोष्ट विदर्भात राहणाऱ्यालाच सुचेल. अत्तरांची बहुतेक पुस्तके हे धरून चालतात की हवा कातडीपेक्षा थंड आहे. वर्ध्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. तेव्हा कागदाची पट्टी मनगटापेक्षा गरम असते! घाम सुकताना मनगट थंड होत राहते, पट्टीला ती सोय नाही. त्या दिवसांत वास कागदावरून आधी उडतो आणि कातडीवर मागे राहतो, म्हणजे नेहमीच्या उलट. तेच तेल मृगाच्या दमट हवेत लावले तर भरून येते. म्हणून ज्या ऋतूत वापरायचे त्याच ऋतूत तेल पारखावे. आपल्याकडे उन्हाळ्यात वाळा आणि थंडीत हीना लावायची रीत आहे, ती मला या अनुभवाने फार शहाणी वाटू लागली.

उडणाऱ्या वासाला धरून कसे ठेवायचे, हा प्रश्न जुनाच. कनौजच्या पद्धतीत डेग नावाच्या हंड्यातून आलेली फुलांची वाफ भपका नावाच्या भांड्यातल्या चंदनाच्या तेलात उतरवतात. चंदन स्वतः मंद, जड. फुलांचे हलके घटक त्याच्यात अडकून राहतात. दख्खनमध्ये दुसरी वाट होती, तिळाची. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’मध्ये, म्हणजे बाराव्या शतकात, राजाच्या स्नानाचे वर्णन आहे. तिथे केतकी, पुन्नाग, चाफा अशा फुलांनी तीळ आधी वासित करायचे आणि मग त्यांचे तेल काढायचे, असे सांगितले आहे. तिळातली चरबी फुलांचा वास ओढून घेते आणि घाणीतून तो तेलाबरोबर येतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी 1940 च्या दशकात अशा सुगंधशास्त्रीय ग्रंथांचा मोठा शोध घेतला. त्यांना गंगाधराचा ‘गंधसार’ आणि त्याच्यासोबत ‘गंधवाद’ नावाचा ग्रंथ सापडला, आणि या दुसऱ्या ग्रंथावर चक्क मराठी टीका आहे. सुगंध कसा करावा हे कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी मराठीत समजावून सांगत होते, याचे मला अजून अप्रूप आहे. गंधसारात सहा प्रक्रिया येतात: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन, वासन. त्यातल्या बोधाने मंदावलेला गंध पुन्हा जागवायचा असतो. वास वेळेनुसार बदलतो आणि मावळतो, हे धरूनच ते शास्त्र रचलेले आहे.

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीतही हेच काम करते. अंगाला आधी तेल, मग उटणे. नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, आंबेहळद, गव्हला कचोरा यांतले बरेचसे घटक जड आणि तेलात विरघळणारे. कातडीवर तेलाचा थर असल्याने ते त्यात उतरतात, आणि वरचे जास्तीचे तेल पीठ ओढून घेते. मग साबण लावला नाही तर दुपारपर्यंत मान वळवली की उटण्याचा वास येतो. साबणाने तेल निघून जाते आणि त्याच्याबरोबर वासही.

बाजारातल्या कुप्यांची स्थिती मात्र चिंतेची आहे. चंदनाचे तेल इतके महाग झाले की अत्तराचा आधार म्हणून बहुतेक ठिकाणी आता द्रव पॅरॅफिन, थॅलेट किंवा ग्लायकॉलसारखी रसायने असतात. कुपी उघडली की सुरुवातीचा वास झकास येतो, कारण तो तेवढ्यासाठीच बसवलेला असतो. मी एका प्रदर्शनात ‘शुद्ध रोशा’ म्हणून घेतलेली बाटली दुसऱ्या दिवशी हातावर नुसती चिकट राहिली होती, गंध नावालाही नव्हता. साधी तपासणी कुणालाही करता येते. पांढऱ्या कागदावर थेंब टाकून दिवसभर ठेवायचा. रोशासारखे उडणारे तेल शुद्ध असेल तर डाग जवळजवळ नाहीसा होतो. खाद्यतेल किंवा पॅरॅफिन असेल तर पारदर्शक तेलकट ठिपका राहतो. चंदन आणि वाळ्याला ही कसोटी लावू नये, ती स्वतःच फार सावकाश उडतात.

नाकालाही मर्यादा आहेत. तीन-चार वास ओळीने घेतले की ते थकते. दुकानात अशा वेळी कॉफीचे दाणे पुढे करतात, पण 2011 साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात कॉफीचा उपयोग साध्या हवेपेक्षा जास्त आढळला नाही. बाहेर जाऊन मोकळा श्वास घेणे पुरते. स्वतःच्या अंगावरचा वास तर आपल्याला लवकरच येईनासा होतो. तेव्हा अत्तर उडाले असे समजून आणखी लावण्याआधी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी विचारावे.

कातडीची बाजू सगळ्यांत गंभीर. त्वचारोगतज्ज्ञ सुगंधाच्या ॲलर्जीसाठी पाठीवर पट्ट्या लावून 48 तासांनी त्या काढून पाहतात. याडासोन या जर्मन त्वचातज्ज्ञाने 1895 मध्ये ही पद्धत मांडली. त्यासाठीच्या प्रमाणित मिश्रणात आठ द्रव्ये असतात, आणि रोशाचे जिरॅनिऑल त्यांपैकी एक आहे. बहुतेकांना त्याने काही होत नाही. पण अर्धी रिकामी बाटली महिनोन्‌महिने उघड-झाक होत राहिली, की आतले घटक हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि जास्त त्रासदायक होतात. जुने रोशाचे तेल पुन्हा लिंबासारखे तिखट वास देऊ लागले, तर ते कातडीला लावू नये. लहान मुलांच्या उटण्यात आणि अंगाला लावायच्या तेलात सुगंधी तेल घालूच नये, असे माझे मत आहे. मुलांना तिळाचे साधे तेल पुरे.

मेळघाटातल्या किंवा सातपुड्यातल्या बचत गटांचे, सहकारी संस्थांचे तेल विकत घेताना आपण ग्राहकांनी काही विचारायला हवे. गवत मोतिया जातीचे की सोफियाचे? मोतिया कोरड्या उतारावर येते आणि गोड असते. सोफिया सखल, ओलसर जागी येते, त्यात जिरॅनिऑल कमी आणि वास आल्याकडे झुकणारा. तेल कोणत्या महिन्यात काढले? फुलावर असताना कापलेल्या गवताचे सर्वांत चांगले. तेलाचा मोठा वाटा तुऱ्यातच असतो. शंभर किलो ताज्या गवतातून जेमतेम अर्धा किलो तेल निघते, हे लक्षात ठेवले तर किमतीची घासाघीस करताना जीभ आखडेल. आणि ते कशात मिसळले आहे? ही तीन उत्तरे ग्रामोद्योगाच्या प्रत्येक बाटलीवर छापलेली असावीत, असा माझा आग्रह आहे. मगनवाडीच्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींनी 30 डिसेंबर 1938 ला केले. गावात बनलेली वस्तू गिऱ्हाइकापुढे तिच्या घडणीसकट ठेवायची, ही तिथली रीत. बाटलीवर तीन ओळी जास्त छापायला लागणारा खर्च त्या मानाने काहीच नाही, आणि ज्या दुकानात त्या छापलेल्या मिळतील तिथे यंदा मी दोन रुपये जास्त देऊन तेल घेणार आहे.