क्वाड विवर्धकाची घडण

ध्वनिविवर्धकाचे कार्य तत्त्वतः सोपे आहे. आदानी आलेल्या विद्युत्-संकेताचा आकार न बदलता त्याची शक्ती वाढवावयाची, एवढेच त्यास करावयाचे असते. परंतु निर्वात नलिका असो वा ट्रान्झिस्टर, त्याचे वर्तन तंतोतंत प्रमाणबद्ध नसते. त्यामुळे मूळ ध्वनीत नसलेले घटक प्रदानात मिसळतात. या विकृतीच्या निवारणाचे तीन टप्पे 'क्वाड' या लहानशा इंग्लिश उद्योगाच्या इतिहासात स्पष्ट दिसतात.

पीटर वॉकर यांनी १९३६ साली लंडन येथे या उद्योगाची स्थापना केली. महायुद्धकाळात, १९४१ साली, कारखाना हंटिंग्डन या गावी हलविण्यात आला. १९५३ साली तेथून 'क्वाड २' हा १५ वॅटचा नलिका-विवर्धक बाहेर पडला. त्यात प्रदान-रोहित्राच्या वेटोळ्याचा काही भाग नलिकांच्या ऋणाग्र-मंडलात घातलेला होता. त्यायोगे प्रदानाचा अंश विरुद्ध कलेत नलिकेकडेच परत जाई व विकृती उगमापाशीच घटे. हा ऋण पुनःप्रदाय होय. त्याचे तत्त्व अमेरिकेत हॅरल्ड ब्लॅक यांनी १९२७ साली शोधले होते.

ट्रान्झिस्टरांनी नवी अडचण निर्माण केली. तरंगाचा एक अर्धभाग एका ट्रान्झिस्टरने व दुसरा दुसऱ्याने वाहावयाचा, अशा रचनेत हस्तांतराच्या क्षणी तरंगास खोच पडते. ती टाळण्यास ठेवावा लागणारा स्थिर प्रवाह तापमानानुसार बदलतो. १९६७ सालच्या '३०३' मध्ये प्रत्येक बाजूस तीन ट्रान्झिस्टरांचा गट योजून नियंत्रण त्यांपैकी थंड राहणाऱ्या लहान ट्रान्झिस्टराकडे सोपविण्यात आले.

१९७५ सालच्या '४०५' ने ही अडचण मुळातूनच दूर केली. येथे मोठे ट्रान्झिस्टर केवळ प्रवाहाचा भार वाहतात. त्यांच्याकडून अचूकतेची अपेक्षाच नसते. त्यांची उणीव एक लहान पण अचूक विवर्धक भरून काढतो. दोन रोध, एक धारित्र व एक प्रवर्तक वेटोळे यांचा सेतू तोलला गेला, म्हणजे मोठ्या ट्रान्झिस्टरांची चूक तत्त्वतः ध्वनिक्षेपकापर्यंत पोहोचत नाही. मग स्थिर प्रवाह जुळविण्याचे कारणच उरत नाही. व्यवहारात मात्र घटकांची मूल्ये जितकी अचूक, तितकाच हा तोल अचूक राहतो.

१९७८ साली जेम्स मॉयर यांनी या तिन्ही विवर्धकांची श्रवणपरीक्षा प्रसिद्ध केली. श्रोत्यांना त्यांतील भेद ओळखता आला नाही. या निष्कर्षावरून पंचवीस वर्षांचे संशोधन व्यर्थ गेले असे मानणे चुकीचे ठरेल. विवर्धक आपल्या क्षमतेच्या मर्यादेत चालत असता कानास फरक कळत नाही, एवढेच त्यावरून सूचित होते. ती मर्यादा १५ वॅटवरून १०० वॅटपर्यंत गेली आणि नलिकांची झीज व प्रवाह जुळविण्याची गरज नाहीशी झाली. विकास झाला तो येथे. म्हणून विवर्धकाची प्रगती मोजताना तो कसा ऐकू येतो याबरोबरच तो किती भार किती काळ निर्दोषपणे वाहतो, हेही विचारले पाहिजे.