दर्पण कसोटी
दर्पण कसोटी : आरशातील प्रतिबिंब आपलेच आहे, हे प्राण्याला उमगते किंवा नाही ते पाहण्यासाठी योजिलेली प्रायोगिक कसोटी. बहुतेक प्राण्यांना आरशात दिसणारा प्राणी परका वाटतो. विणीच्या हंगामात चिमणी घरातील आरशावर चोच मारत राहते, ती तेथे तिला प्रतिस्पर्धी दिसतो म्हणून. विहिरीतील प्रतिबिंबावर झेप घेणारा पंचतंत्रातील सिंहही या दृष्टीने निसर्गाला फारसा सोडून नाही.

चार्ल्स डार्विन यांनी १८३८ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील ओरँगउटानांच्या आरशासमोरील प्रतिक्रिया टिपून ठेवल्या होत्या. परंतु केवळ हावभावांवरून प्राण्याला काय उमगले ते ठरविता येत नाही. ही अडचण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन गॅलप यांनी १९७० मध्ये दूर केली. त्यांनी चार चिंपँझींना प्रत्येकी दहा दिवस आरशाचा सहवास घडविला. प्रारंभी ते प्रतिबिंबाला अनोळखी चिंपँझी समजून धमकावीत. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास हे वर्तन ओसरले आणि दातांत अडकलेले अन्नकण काढणे, एरवी न दिसणारे अवयव न्याहाळणे यांसाठी ते आरसा वापरू लागले. मग त्यांना भूल देऊन एका भुवईवर व विरुद्ध बाजूच्या कानावर गंधहीन तांबडा रंग लावण्यात आला. शुद्धीवर आल्यानंतर आरसा नसताना त्या जागी क्वचितच हात नेणारे हे प्राणी आरसा दिसताच तेथे वारंवार बोटे लावू लागले. आरशाचा पूर्वानुभव नसलेल्या चिंपँझींनी तसे केले नाही. मॅकाक माकडेही कसोटीस उतरली नाहीत. पुढे, एकाकी वाढविलेल्या चिंपँझींनाही प्रतिबिंब ओळखता येत नाही, असे गॅलप यांना आढळले. स्वतःची ओळख पटण्यास आधी इतरांचा सहवास लागतो, असे यावरून सूचित होते व प्रस्तुत संशोधनातील हा भाग सर्वांत विचारार्ह म्हणावा लागेल. मानवी बालकांत ही जाण सामान्यतः १८ ते २४ महिन्यांच्या वयात येते.

कसोटीस न उतरणे म्हणजे आत्मबोधाचा अभाव, असे मात्र नव्हे. कुत्र्याचे जग प्रामुख्याने गंधाचे असते; त्याला आरशाचे अगत्य ते काय ? हत्तींवरील १९८९ चा प्रयोग फसला, तेव्हा आरसा लहान होता व तो त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवलेला होता. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात हत्तींच्या आवारातच प्रचंड आरसा बसविण्यात आला. तीन हत्तिणींनी त्याच्या मागे काय आहे, हेही सोंड घालून तपासले. परंतु डोक्यावरील पांढऱ्या फुलीला आरशात पाहून सोंड लावली ती ‘हॅपी’ या एकीनेच.

डॉल्फिन (२००१) व मॅगपाय पक्षी (२००८) यांच्याविषयीही अनुकूल निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २०१९ मध्ये एका लहान सागरी माशाने—इतर माशांच्या अंगावरील परजीवी टिपून खाणाऱ्या रास माशाने—गळ्याखालील ठिपका तळावर घासल्याचे जाहीर झाले, तेव्हा मासा आत्मबोधयुक्त मानावा की कसोटीच अपुरी ठरवावी, असा वाद उद्‌भवला. कसोटी केवळ एका वर्तनाची नोंद करते, त्यामागील मनाची नव्हे, हे लक्षात घेता दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो.

या निष्कर्षांना न्यायालयातही स्थान मिळाले. हॅपीला बंदिवासातून मुक्त करून अभयारण्यात हलवावे, या मागणीसाठी केलेल्या अर्जात तिने आरशात स्वतःला ओळखल्याचा आधार देण्यात आला होता. न्यूयॉर्क राज्याच्या अपील न्यायालयाने जून २०२२ मध्ये तो ५ विरुद्ध २ मतांनी फेटाळला.