आठवीनंतर ‘मोफत’ शब्दाचा अर्थ बदलतो : झाशीतील माध्यमिक शिक्षणाचा न दिसणारा खर्च

झाशी : शासकीय शाळेत शिक्षण मोफत असते, ही समजूत आठवीपर्यंत बऱ्याच अंशी खरी ठरते. नववीच्या वर्गात पाऊल ठेवताच मात्र तिचा आधार निसटतो. उत्तर प्रदेश सरकारने २०२५ मध्ये झाशीसह बुंदेलखंडातील जिल्हे आणि सोनभद्र येथील नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना वर्षाला ६,००० रुपये प्रवास भत्ता देण्याचा निर्णय घेतला. शाळा घरापासून पाच किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या शासकीय शाळांतील विद्यार्थ्यांसाठी हा भत्ता आहे. शिकवणी शुल्क माफ केले तरी शिक्षण मोफत होत नाही, याची ही एक प्रकारे सरकारी कबुलीच होय. शाळेपर्यंत पोहोचण्याचा, पुस्तकांचा, परीक्षेचा आणि खासगी शिकवणीचा खर्च कुटुंबालाच करावा लागतो. हा खर्च कोठून उद्भवतो आणि सरकारी निधी कोठे थांबतो, हे समजून घेण्यासाठी झाशी जिल्ह्याचे उदाहरण बोलके आहे.

कायद्यातील ‘मोफत’ कोठपर्यंत?

संविधानातील ८६ व्या दुरुस्तीने २००२ मध्ये अनुच्छेद २१-क समाविष्ट झाला आणि सहा ते चौदा वर्षे वयाच्या बालकांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. त्याची अंमलबजावणी करणारा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्याने ‘मोफत’ शब्दाची व्याप्ती केवळ शुल्कापुरती ठेवलेली नाही. प्राथमिक शिक्षण घेण्यास आणि ते पूर्ण करण्यास अडथळा ठरेल असे कोणतेही शुल्क, आकार किंवा खर्च बालकाकडून घेता येणार नाही, असे त्यात नमूद आहे. ‘खर्च’ हा शब्द येथे कळीचा आहे. मोफत पाठ्यपुस्तके, लेखनसाहित्य आणि गणवेश यांचा हक्क याच तरतुदीतून येतो.

ही हमी पहिली ते आठवीपुरती आहे. तिच्या आधी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या उन्नीकृष्णन प्रकरणात चौदा वर्षांपर्यंतचे मोफत शिक्षण हा मूलभूत हक्क मानला होता आणि त्यापुढील शिक्षण राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत राहील, असे म्हटले होते. म्हणजेच आठवीपर्यंत शिक्षण हा हक्क आहे, तर नववीपासून ती शासनाच्या धोरणाची आणि अंदाजपत्रकाची बाब बनते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते अठरा वर्षे वयोगटाच्या सार्वत्रिक शिक्षणाचे उद्दिष्ट मांडले असले, तरी कायद्यातील वयोमर्यादा अद्याप बदललेली नाही.

नववीत काय थांबते?

उत्तर प्रदेशात आठवीपर्यंतच्या परिषदीय शाळांमधील विद्यार्थ्याच्या पालकांच्या बँक खात्यात दरवर्षी १,२०० रुपये थेट जमा होतात. त्यात दोन गणवेशांसाठी ६००, स्वेटरसाठी २००, बूट-मोज्यांसाठी १२५, दप्तरासाठी १७५ आणि लेखनसाहित्यासाठी १०० रुपये धरलेले आहेत. त्याशिवाय पाठ्यपुस्तके मोफत मिळतात आणि दुपारी पीएम पोषण योजनेचे जेवण मिळते.

पीएम पोषण योजनेचे जेवण आठवीनंतर बंद होते. गणवेश आणि पुस्तके यांवर कायद्याने सांगितलेला हक्क उरत नाही. रक्कम मोठी नसली, तरी कुटुंबाच्या हिशेबात दुहेरी फरक पडतो. पूर्वी खात्यात येणारे पैसे थांबतात आणि नवे खर्च सुरू होतात. मजुरीवर जगणाऱ्या घरात शाळेत मिळणारे एक वेळचे जेवण ही देखील मिळकतच असते.

नव्या खर्चांत शाळेचे किरकोळ आकार येतात. शिकवणी शुल्क माफ किंवा नाममात्र असले, तरी क्रीडा, वाचनालय, विज्ञान प्रयोगशाळा, स्काउट-गाइड, रेडक्रॉस अशा शीर्षांखाली पैसे घेतले जातात. त्यात मंडळाच्या परीक्षेचे शुल्क मिळते. प्रयागराज येथील माध्यमिक शिक्षा परिषदेच्या, म्हणजेच यूपी बोर्डाच्या, नियमित विद्यार्थ्यांसाठी हायस्कूल परीक्षेचे शुल्क ५०० रुपये ७५ पैसे आणि इंटरमीडिएट परीक्षेचे ६०० रुपये ७५ पैसे आहे.

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिक्षणविषयक सर्वेक्षणातही हे चित्र दिसते. देशभरातील शासकीय शाळांच्या २६.७ टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रम शुल्क भरल्याचे सांगितले. शासकीय शाळेतील विद्यार्थ्यामागे कुटुंबाचा वार्षिक सरासरी खर्च २,८६३ रुपये, तर अन्य शाळांत तो २५,००२ रुपये आढळला. शासकीय शाळा तुलनेने फार स्वस्त आहेत, हे यातून स्पष्ट होते. त्या पूर्ण मोफत नाहीत, हेही तितकेच स्पष्ट होते.

शाळेला पैसा कोठून मिळतो?

उत्तर प्रदेशात बारावीपर्यंतच्या शाळेला ‘इंटर कॉलेज’ म्हणतात. झाशी शहरातील राजकीय इंटर कॉलेजसारख्या शाळा थेट राज्य सरकार चालवते. दुसरा मोठा गट अनुदानित शाळांचा. त्यांचे व्यवस्थापन खासगी संस्थांकडे असते आणि शिक्षक व कर्मचाऱ्यांच्या वेतनाची जबाबदारी १९७१ च्या राज्य कायद्यानुसार सरकारने स्वीकारलेली आहे. तिसरा गट विनाअनुदानित, मान्यताप्राप्त शाळांचा असून त्यांचा खर्च विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भागतो.

अनुदानाचा अर्थ मुख्यतः वेतन असा आहे. इमारत, छप्पर, स्वच्छतागृह, बाके, प्रयोगशाळेतील साहित्य यांसाठी अनुदानित शाळेला स्वतंत्र सोय पाहावी लागते. राज्याच्या ‘प्रोजेक्ट अलंकार’ या दुरुस्ती योजनेतही अनुदानित संस्थेला खर्चाचा काही वाटा उचलावा लागतो. हा वाटा उभा करण्याची ऐपत प्रत्येक संस्थेकडे नसते.

शासकीय शाळांच्या दैनंदिन खर्चासाठी समग्र शिक्षा अभियानातून एकत्रित शाळा अनुदान मिळते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या या अभियानात उत्तर प्रदेशासारख्या राज्यांत केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६०:४० असा आहे. केंद्राच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात अभियानासाठी ४१,२५० कोटी रुपयांची तरतूद होती. ही रक्कम प्रत्यक्ष शाळेपर्यंत कशी उतरते, हे पाहण्यासारखे आहे. अनुदान पटसंख्येच्या टप्प्यांनुसार ठरते : १०१ ते २५० विद्यार्थ्यांच्या शाळेला वर्षाला ५०,००० रुपये, २५१ ते १,००० विद्यार्थ्यांच्या शाळेला ७५,००० रुपये आणि त्याहून मोठ्या शाळेला एक लाख रुपये. म्हणजे २५० मुलांच्या शाळेत प्रत्येक मुलामागे वर्षाला २०० रुपये येतात, तर १,००० मुलांच्या शाळेत केवळ ७५ रुपये. खडू, वीज, सफाई आणि किरकोळ दुरुस्ती यातूनच भागवावी लागते. किरकोळ शीर्षांखाली विद्यार्थ्यांकडून पैसे का घेतले जातात, याचे एक कारण या गणितात सापडते.

अंतर : सर्वांत मोठा खर्च

प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आणि उच्च प्राथमिक शाळा तीन किलोमीटरच्या परिसरात असावी, असा निकष आहे. माध्यमिक शाळेसाठी तो पाच किलोमीटर आणि उच्च माध्यमिक शाळेसाठी सात ते दहा किलोमीटर असा ठेवण्यात आला. मूल मोठे होत जाते तसतशी शाळा दूर सरकते आणि नेमक्या त्याच टप्प्यावर मोफत शिक्षणाचा हक्क संपतो.

झाशी जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ५,०२४ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या जवळपास २० लाख आहे. मऊरानीपूर, गरौठा, मोंठ, टहरौली या तहसिलांतील गावे विखुरलेली आहेत. शेती मोठ्या प्रमाणात पावसावर अवलंबून असल्याने अनेक कुटुंबे वीटभट्ट्या आणि बांधकामांवरील कामासाठी हंगामी स्थलांतर करतात. अशा घरात रोजचे भाडे हा शिक्षण सुरू ठेवायचे की नाही, हे ठरवणारा प्रश्न होतो. मुलींच्या बाबतीत त्यात सुरक्षिततेची चिंताही मिसळते.

जाहीर झालेल्या भत्त्याचा हिशेब करून पाहता येईल. शाळा वर्षात २२० दिवस भरली, तर ६,००० रुपये म्हणजे दिवसाला सुमारे २७ रुपये. जाण्यायेण्याचे भाडे रोज ४० रुपये धरले, तर वर्षाचा खर्च ८,८०० रुपये होतो आणि २,८०० रुपये घरातून घालावे लागतात. भाडे २० रुपये असेल, तर भत्ता पुरून उरतो. अंतराचा दाखला आणि उपस्थितीची अट पूर्ण केल्यावर पैसे खात्यात जमा व्हायचे आहेत. रिक्षाचालकाला किंवा बसवाहकाला मात्र भाडे रोजच्या रोज द्यावे लागते. शिवाय साडेचार किलोमीटरवर राहणारा विद्यार्थी योजनेबाहेर राहतो. त्याची पायपीट तेवढ्याने कमी होत नाही.

शेजारी काय करतात?

झाशी जिल्ह्याची सीमा अनेक ठिकाणी मध्य प्रदेशाला भिडते. शहरापासून सुमारे १८ किलोमीटरवरील ओरछा त्या राज्यात आहे. मध्य प्रदेशात शाळा गावाबाहेर दोन किलोमीटरहून दूर असल्यास शासकीय शाळांतील सहावी आणि नववीच्या विद्यार्थ्यांना सायकल दिली जाते. बिहारने २००६ मध्ये नववीतील मुलींसाठी सायकल योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तिच्यामुळे माध्यमिक शाळेतील मुलींची वयानुरूप नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुला-मुलींमधील तफावत ४० टक्क्यांनी घटली. महाराष्ट्रात अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेतून ग्रामीण विद्यार्थिनींना एसटीचा मोफत पास मिळतो. सायकल आणि पास यांचा लाभ प्रवासाच्या वेळीच मिळतो, तर रोख भत्ता प्रवास झाल्यावर येऊ शकतो, हा त्यांतील महत्त्वाचा फरक आहे.

शिकवणी आणि शिष्यवृत्ती

वर्गात गणित किंवा विज्ञानाचा शिक्षक नसेल, तर त्याची किंमत पालक शिकवणीवर्गात मोजतात. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणानुसार देशातील २७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी घेत होते. उच्च माध्यमिक टप्प्यावर ग्रामीण भागात शिकवणीचा प्रतिविद्यार्थी सरासरी वार्षिक खर्च ४,५४८ रुपये, तर शहरी भागात ९,९५० रुपये आढळला. म्हणजे ग्रामीण भागातील बारावीपर्यंतच्या शिकवणीचा आकडा शासकीय शाळेच्या एकूण सरासरी खर्चापेक्षाही मोठा आहे.

मदतीच्या योजना नाहीत, असे नाही. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती योजनेत नववी ते बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा अधिक नसावे आणि आठवीत स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण व्हावी, अशा अटी आहेत. देशभरात दरवर्षी एक लाख नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात. त्यांपैकी उत्तर प्रदेशाचा कोटा १५,१४३ आणि महाराष्ट्राचा ११,६८२ आहे. अनुसूचित जातींच्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना घरून ये-जा करत असल्यास वर्षाला ३,५०० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. कन्या सुमंगला योजनेत नववीत प्रवेश घेणाऱ्या पात्र मुलीला एकदाच ५,००० रुपये मिळतात.

या योजनांची रचना मात्र निवडक आहे. कोणी गुणवत्तेने, कोणी जातीच्या वा उत्पन्नाच्या दाखल्याने, तर कोणी अंतराच्या प्रमाणपत्राने पात्र ठरतो. आठवीपर्यंत जे प्रत्येक मुलाला न मागता मिळत होते, ते नववीपासून अर्ज करून मिळवावे लागते. शिष्यवृत्तीचा वास्तवातील वाटा किती, याचेही उत्तर सर्वेक्षणात आहे. खर्चाचा पहिला प्रमुख स्रोत सरकारी शिष्यवृत्ती असल्याचे केवळ १.२ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले. ९५ टक्के विद्यार्थ्यांचा खर्च प्रामुख्याने घरातील इतर सदस्य करतात.

गळतीचा टप्पा

शिक्षण मंत्रालयाच्या २०२४-२५ च्या यूडायस प्लस अहवालानुसार देशातील गळतीचे प्रमाण तिसरी ते पाचवीच्या टप्प्यावर २.३ टक्के, सहावी ते आठवीला ३.५ टक्के आणि नववी ते बारावीला ८.२ टक्के आहे. गळतीची कारणे अनेक असतात. तथापि ती दुपटीहून अधिक वाढते तो टप्पा आणि मोफत शिक्षणाची कायदेशीर हमी संपते तो टप्पा एकच आहे, हे नजरेआड करता येत नाही.

शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा, ही कोठारी आयोगाची शिफारस १९६६ पासून मांडली जात असून २०२० च्या धोरणानेही तिचा पुनरुच्चार केला आहे. ते उद्दिष्ट गाठेपर्यंत झाशीतील प्रवास भत्त्यासारख्या उपाययोजना उपयोगी ठरू शकतात. त्यांचे यश तीन गोष्टींवर अवलंबून राहील : रक्कम सत्राच्या आरंभी मिळते का, ती प्रत्यक्ष भाड्याशी जुळते का आणि अनुदानित शाळांतील तशाच गरजू मुलांचा विचार होतो का. आठवी उत्तीर्ण झालेले मूल पुढील सत्रात नववीच्या हजेरीपटावर दिसते की वीटभट्टीच्या वाटेला लागते, हे अनेक घरांत दिवसाच्या वीस-तीस रुपयांवर ठरते.