विश्लेषण : ३.१५ मोठे की ३.५? दशांशाचे गणित दुधाच्या पावतीवर कसे सुटते?

शिरूर आणि दौंड तालुक्यांत ज्या घरातून डेअरीला दूध जाते, तिथले पाचवी-सहावीतले मूल दशांश अपूर्णांक रोज पाहते. पावतीवर फॅट ३.५, एसएनएफ ८.५ असे आकडे छापलेले असतात. तरीही ‘३.१५ आणि ३.५ यांत मोठी संख्या कोणती?’ असे वर्गात विचारले, की या वयाची बरीच मुले ३.१५ म्हणतात. ही चूक इथलीच नाही, जगभरच्या वर्गांत दिसते. इथे मात्र तिचा संबंध थेट घरच्या उत्पन्नाशी येतो.

गोंधळ नेमका कुठे होतो?

पूर्ण संख्यांत १५ हे ५ पेक्षा मोठे असतात. मूल तोच नियम टिंबाच्या पुढे नेते. त्यात आपण आकडा ‘तीन पॉइंट पंधरा’ असा वाचतो आणि चुकीला बळ देतो. ‘तीन दशांश चिन्ह एक पाच’ असे वाचले, तर एक दशांश आणि पाच शतांश वेगळे ऐकू येतात. ३.५ मध्ये पाच दशांश, म्हणजे पन्नास शतांश आहेत, हे मग लक्षात येते. दुसरी चूक शून्याची. ३.०५ मधले शून्य ‘किंमत नसलेले’ समजून गाळले जाते आणि त्याचे ३.५ होते.

‘बालभारती’च्या पाचवीच्या गणितात दशांश अपूर्णांक येतात. ते समजावताना रुपये-पैशांचा आधार घेण्याची पद्धत जुनी आहे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, तेव्हा हा आधार भक्कम होता. पण २५ पैसे आणि त्याखालची नाणी जून २०११ अखेर चलनातून गेली. आज पाचवीत बसलेल्या मुलाने पाच पैसे हातात घेतलेलेच नाहीत. त्याला ‘तीन रुपये पाच पैसे’ सांगणे म्हणजे एक अनोळखी गोष्ट दुसऱ्या अनोळखी गोष्टीने समजावणे.

एका शून्याची किंमत किती?

गायीच्या दुधाचा दर साधारणपणे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून सांगितला जातो. त्यापेक्षा फॅट कमी लागली, की पॉइंटमागे पैसे कापले जातात. डेअरीवर ज्याला ‘एक पॉइंट’ म्हणतात, तो म्हणजे ०.१. गावाच्या बोलीत दशांश स्थान आधीपासूनच आहे, फक्त वर्गात त्याला कोणी ओळख देत नाही.

उसाचे उदाहरण आणखी बोलके. पाटसचा भीमा कारखाना दौंडमध्ये, न्हावऱ्याचा घोडगंगा शिरूरमध्ये. साखर उतारा हा शब्द दोन्हीकडे घरोघरी माहीत आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली. उतारा ०.१ टक्क्याने वाढला तर ३ रुपये ४६ पैसे जास्त, घटला तर तेवढेच कमी (९.५ टक्क्यांखाली आणखी कपात नाही). आता १०.५ च्या जागी १०.०५ लिहिले गेले, तर फरक ०.४५ टक्क्यांचा. याच प्रमाणात क्विंटलला १५ रुपये ५७ पैसे, टनाला १५५ रुपये ७० पैसे. चाळीस टन उसाला ६,२२८ रुपये, तेही तोडणी-वाहतूक वजा करण्याआधीचे. सहावीच्या मुलांना हा हिशेब फळ्यावर करता येतो.

शाळेत काय करता येईल?

सर्वांत जवळचा प्रकल्प शाळेच्या स्वयंपाकघरात आहे. पोषण आहारात पहिली ते पाचवीसाठी मुलामागे रोज १०० ग्रॅम, सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्याचे प्रमाण आहे. पहिली ते पाचवीची ४३ मुले हजर असतील, तर तांदूळ ४.३ किलो. इलेक्ट्रॉनिक काट्यावर ४.३०० दिसते. पुढची दोन शून्ये कशाला, हा प्रश्न मुलेच विचारतात आणि तिथे धडा सुरू होतो. कोणी ४.०३ किलोच मोजले, तर २७० ग्रॅम कमी पडतात. म्हणजे जवळपास तिघांचा भात. आठवडाभर रोजचे वजन मुलांनी मोजून लिहिले, तर स्थानिक किंमत वेगळी घोकावी लागत नाही.

मीटरची कागदी पट्टी हेही स्वस्त साधन. तिचे दहा भाग केले की दशांश, प्रत्येक भागाचे पुन्हा दहा केले की शतांश. १.५ मीटर आणि १.०५ मीटर जमिनीवर शेजारी आखले, की ४५ सेंटीमीटरचा फरक डोळ्यांना दिसतो. पावसाळ्यात सरळ भिंतींच्या बरणीला पट्टी चिकटवून पाऊस मोजता येतो. हवामान खात्याच्या व्याख्येत २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला, तरच तो ‘पावसाचा दिवस’. पर्जन्यछायेतल्या या तालुक्यांत असे दिवस मोजण्यात मुलांना रस वाटेल.

पाबळचा अनुभव काय सांगतो?

काम करत शिकण्याची कल्पना या भागाला नवी नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. त्यातून आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आकाराला आला. गावाला उपयोगी पडणारे खरे काम विद्यार्थ्यांनी करायचे, मोजमाप घ्यायचे आणि खर्चाचा हिशेबही मांडायचा, असे त्याचे स्वरूप. अडचण एवढीच, की दशांशाचा पाया त्याआधी तीन वर्षे, पाचवीत घातला जातो. कामातून मोजमाप तिथपर्यंत खाली आणायला हवे.

प्रत्येक टिंब दशांशाचे असते का?

नाही, आणि प्रकल्प निवडताना शिक्षकांनी इथेच सावध राहावे. ‘१.२० एकर’ असे लिहिणाऱ्याला बहुतेकदा एक एकर वीस गुंठे म्हणायचे असते. एकराचे गुंठे चाळीस, म्हणून ते प्रत्यक्षात १.५ एकर. क्रिकेटमधली १९.३ षटके म्हणजे साडेएकोणीस, कारण षटकात चेंडू सहा. मुलांना हे आधी सांगितले नाही, तर धावगती काढताना गणित फसते.

सातबाऱ्यावर मात्र गंमत आहे. तिथे ०.४०.४७ असे दोन टिंबांचे क्षेत्र दिसते: शून्य हेक्टर, ४० आर, ४७ चौरस मीटर. हेक्टरचे आर शंभर आणि आरचे चौरस मीटरही शंभर, म्हणून दुसरे टिंब काढले तरी आकडा बरोबर राहतो, ०.४०४७ हेक्टर. म्हणजेच जवळपास एक एकर.