तिरपी काडी

श्रोतेहो, मुलांना विज्ञान लहान वयातच व त्यांच्या हातांनी शिकू द्यावे, हे मत आता कोणास नवे राहिलेले नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही कृतीतून शिकण्याचा पुरस्कार केला आहे, आणि आमच्या उपनगरांतील खेळण्यांच्या दुकानांतून तयार प्रयोगपेट्या सर्रास मिळतात. प्रश्न उरतो तो एवढाच, की चालावयाचे हात कोणाचे?

हा प्रश्न मला सुचला तो पश्चात्तापातून. माझ्या दहा वर्षांच्या मुलीस शाळेच्या प्रदर्शनाकरिता पुलाची प्रतिकृती करावयाची होती. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात रात्री अकरापर्यंत पुठ्ठा कापीत बसलो तो मी! ती केव्हाच झोपी गेली होती. पूल देखणा झाला. परीक्षकांनी तिला सहज विचारले, "या तिरप्या पट्ट्या कशासाठी?" ती माझ्याकडे पाहू लागली. खरे सांगावयाचे तर उत्तर मलाही धड ठाऊक नव्हते. चित्रात होत्या म्हणून मी त्या चिकटविल्या होत्या.

त्यानंतर मी एक जुनी युक्ती घरी आणली. पुण्याच्या टेल्को कारखान्यातील अभियंते श्री. अरविंद गुप्ता १९७८ साली वर्षाची रजा घेऊन मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेले. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलीची व्हॉल्व्ह ट्यूब यांपासून आकृती जोडण्याची त्यांची रीत तेव्हाची. गूल काढून टाकलेल्या काड्या ट्यूबच्या तुकड्यांत खोचल्या की झाले. खर्च चहाच्या पेल्याहून फारसा अधिक नाही.

मुलीने प्रथम त्रिकोण केला. तो दाबून पाहिला, हलेना. चौकोन केला, तो बोट लावताच कलला. त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की त्याचे कोनही ठरतात. चौकोनाचे तसे नाही. हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. ते मी गिळले, आणि श्रोतेहो, पालकाला याहून अवघड काम दुसरे नसेल.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "मध्ये एक काडी तिरपी घालते." काडी तोकडी पडली. दोन जोडल्या, त्या फार लांब झाल्या. दीड काडीही किंचित मोठीच. रडकुंडीस येऊन तिने आजीच्या खराट्यातील हीर उपसला, चौकोनावर आडवा धरला आणि हवा तेवढा कापला. चौकोन ताठ उभा राहिला. आजीचा राग निवळण्यास मात्र दोन दिवस लागले. बाजूच्या सुमारे १.४१४ पट असलेले हे माप, ज्याचे सूक्ष्म मूल्य बौधायनाच्या शुल्बसूत्रात दिले आहे, ते तिला असे खराट्यातून भेटले. त्याचे नाव तिला पुढे शाळेत कळेल, घाई नाही.

यास महागडी साधने लागत नाहीत, हे आपल्याकडे फार पूर्वी दाखविले गेले आहे. बोरिवलीहून रेल्वेने उत्तरेकडे गेले असता डहाणूपलीकडे बोर्डी लागते. तेथे १९४५ साली ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचे काम आरंभिले, तेव्हा माँटेसोरी पद्धतीची किमती साधने बाजूस ठेवून शंख-शिंपले, बिया, पाने व खडे मुलांच्या हाती दिले. आमच्याकडे समुद्रकिनारा नाही, पण खराटा आहे.

सावधगिरी मी एकच पाळतो. घरातील विजेच्या बटणांशी खेळ नाही. विजेचे प्रयोग दीड व्होल्टच्या सेलवरच. सुरी मात्र तिच्या हाती देतो, शेजारी बसून. बोट एकदा कापले, आणि तेव्हापासून ती सुरी नीट धरते.

गेल्या महिन्यात घाटकोपरला गाडीची वाट पाहात असता तिने एकाएकी मान वर केली. फलाटाच्या छपराखालच्या लोखंडी कैच्या ती न्याहाळीत होती. "बाबा, त्यांनीपण काडी तिरपी घातली आहे!" ती त्रिकोण मोजू लागली. गाडी आली आणि गेली; मोजणी संपली नव्हती, म्हणून आम्ही पुढच्या गाडीसाठी थांबलो.